तांब्याची कळशी

तापलेला समुद्र निवेपर्यंत मालवणातल्या घराघरांत एकेक प्रवाळ सांभाळायला दिलं होतं. आप्पा तांडेलांकडे मऊ, बोटाबोटांचं एक आलं होतं. त्या जातीचं समुद्रात आता एकही उरलं नव्हतं, आणि गेले चार दिवस ते काचेच्या टाकीत मान टाकून पडलं होतं.

प्रवाळ केंद्रातली मृदुला सकाळीच आली. तिनं दिवा पाहिला, पाण्यातलं मीठ मोजलं. सगळं ठीक होतं.

"आप्पा, पाणी आटलं की काय घालता?"

"तुम्ही दिलेलं कॅनमधलं शुद्ध गोडं पाणीच. पण ते अगदी मेलेलं पाणी, म्हणून रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवतो. मीही तेच पितो."

मृदुलानं कपाळाला हात लावला. "तांबं तुम्हाला मानवतं, आप्पा. याला ते विष आहे."

आप्पांनी कळशी उचलून टाकीपासून लांब ठेवली. जाळ्यात अडकलेली अशी कितीतरी प्रवाळं त्यांनी मासेमारीच्या उमेदीच्या काळात तोडून फेकली होती.

मृदुलानं निम्मं पाणी बदललं, तांबं शोषणाऱ्या कोळशाची पुरचुंडी टाकीत सोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बोट उभं राहिलं. दुपारपर्यंत सगळीच उठली आणि त्यांच्यावर बारीक फुलं उमलली. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

घरात दोन तऱ्हेचं पाणी नकोच, म्हणून त्यांनी कळशी माळ्यावर टाकली आणि कॅनमधलं पाणी पेल्यात घेऊन तोंडाला लावलं. अगदीच बेचव होतं.

"समुद्र निवेपर्यंत दोघांनाही हेच," टाकीकडे बघत ते म्हणाले आणि उरलेलं पिऊन टाकलं.