उजवा गाल

आई गेल्यावर तिचा मोठा फोटो करायला बाबा आणि मी अल्बम घेऊन स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर पानं उलटून वैतागला, “अहो ताई, एकाही फोटोत या समोर बघत नाहीत!” उजव्या गालावरचा जांभळा डाग लपवायला ती मान वळवायची, मी सांगितलं. “एवढंच ना? डावा गाल उलटा करून उजवीकडे चिकटवतो.” पाच मिनिटांत स्क्रीनवर देखणी, परकी बाई अवतरली. “झकास आहे,” बाबा म्हणाले, “पण ही मला हो म्हणाली नसती.” त्यांनी पाकिटातून जुना फोटो काढला. मी कडेवर, आई समोर बघून मनमोकळी हसतेय, पण उजवा गाल खरवडून पांढरा केलेला. “अरेरे, कुणी केलं हे?” फोटोग्राफर हळहळला. चौथीत मला शाळेत घरच्यांचा फोटो न्यायचा होता. “बोट सांभाळ,” म्हणत ब्लेड आईनेच दिलं होतं.