आगीचा आधी, रथांचा मग

पगार किती, असं भीमसेनरावांनी खाली मान घालून पानाला चुना लावता लावता विचारलं, आणि त्रिविक्रमनं रोमला लागलेल्या आगीचं वर्णन सुरू केलं.

"आगीचा सिनेमा आधी बघा काका. रथांचा मग. उलटं केलंत तर आग फिकी वाटेल," तो म्हणाला. "आणि इंग्रजीला भिऊ नका. रोमच्या सिनेमात सगळं डोळ्यांनाच कळतं."

भीमसेनरावांचा हात थांबला. मुलगी बघायला आलेला मुलगा, बसवनगुडीतल्या चार लोकांत नाव असलेल्या घरात उप्पिटाची बशी घेऊन बसलेला, आणि पगार विचारला तर ह्याचं रोम जळतंय!

"पगार चांगला आहे हो," मुलाची आई पद्मावतीबाई घाईनं मधे पडल्या. "सरकारी ऑफिसात नकाशे काढतो. पोरगं सिनेमाचं वेडं आहे, तेवढं स्वल्प सांभाळून घ्या."

कावेरी मान खाली घालून बसली होती, अशा वेळी मुलींनी बसावं तशी. तिच्या वतीनं भीमसेनरावांची थोरली बहीण, अक्का, उत्तरं देत होती. शिवण येतं, स्वयंपाक येतो, टायफॉईडमधून उठल्यापासून जरा अबोल झाली आहे, इतकंच. पद्मावतीबाईंनी पुढं काही खोदून विचारलं नाही. हुंड्याचं नाव नाही, पत्रिकेचा हट्ट नाही. हेच भीमसेनरावांना खुपलं. असले पाहुणे असतात कुठं?

"कुठंतरी पाणी मुरतंय," पाहुणे गेल्यावर ते म्हणाले.

"मुरू दे," अक्का म्हणाली. "दोन ठिकाणची बोलणी मोडली आपली. हेही मोडलंस तर आपल्यामागं पोरीला कोण बघणार? फार खोलात शिरू नकोस, भीमण्णा."

पण भीमण्णा कसला ऐकतो! त्यांना भीती वाटत होती. पोर आईविना वाढलेली, उद्या दारुड्याच्या नाही तर लफंग्याच्या पदरात पडली, तर बापाला झोप कशी लागावी? दुसऱ्याच दिवशी ते त्रिविक्रमच्या ऑफिसात जाऊन शिवाप्पा नावाच्या ओळखीच्या कारकुनाला भेटले.

"सोन्यासारखा माणूस," शिवाप्पा म्हणाला. "शेजारी दोघं हमरीतुमरीवर आले तरी ह्याची मान वर होत नाही. दारू नाही, बाई नाही. सिनेमा तेवढा. आम्हाला सगळ्यांना सांगून झालंय, आगीचा आधी, रथांचा मग."

मग उरलं काय? सिनेमाच. भीमसेनरावांनी डोकं चालवलं. हा गडी भिंतीवरची पोस्टरं बघून थापा मारत असणार. आणि जो सिनेमाबद्दल खोटं बोलतो, तो संसारात काय खरं बोलेल? त्यांनी निरोप धाडला, रथांचा सिनेमा कॅन्टोन्मेंटात लागलाय, सगळे मिळून जाऊ या.

पद्मावतीबाई स्वतःच धावत आल्या. "सिनेमाच कशाला? देवळात भेटू की."

"का? त्यानंच तर सुचवलाय," भीमसेनराव म्हणाले, आणि बाईंचा चेहरा उतरलेला पाहून त्यांना वाटलं, सापडलं.

अक्काचं तोंडही वाकडंच होतं. "कावेरीला कशाला नेतोस?"

"इंग्रजी सिनेमा. तिथं कुणाला काय कळायचंय? सगळे सारखेच."

"सरी, तसं तर तसं," अक्का म्हणाली.

रविवारी ते सगळे एका रांगेत बसले. आधी त्रिविक्रम, मग त्याची आई, मग भीमसेनराव, त्यांच्या पलीकडं कावेरी आणि टोकाला अक्का. आगीचा न बघता हे थेट रथांचा बघतायत, याचं त्रिविक्रमला खरोखरच वाईट वाटत होतं. सिनेमा सुरू झाला तसा तो आईच्या पुढ्यातून वाकून सांगू लागला. आता डावीकडून हत्ती येतील. आता सेनापती मुकुट फेकून देईल. हत्ती आले. मुकुट फेकला गेला. मागचा माणूस शुक् शुक् करून दमला, पण याचं आपलं खणखणीत आवाजात चालूच.

भीमसेनरावांना स्वतःची लाज वाटली. पोरगं शब्दाला खरं होतं. एवढ्या भल्या मुलावर आपण पाळत ठेवली! मध्यंतरात कॉफीचा कप पुढं करत त्यांनी पद्मावतीबाईंना सांगितलं, "आमच्याकडून पक्कं. मी शब्द देतो."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आमच्याकडूनही पक्कं. आता मागं फिरायचं नाही हं, राव. कुणीच."

"वेड लागलंय की काय? शब्द तो शब्द," भीमसेनराव म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी ते मोकळेपणानं हसले.

मध्यंतरानंतर रथ सुटले, आणि आवाज बंद पडला.

पडद्यावर घोडे मुकाट धावू लागले. थिएटरात एकच कल्ला उडाला. शिट्ट्या, आरोळ्या, खुर्च्या आपटणं, कुणी उभं राहून मशीनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागलं. सगळी डोकी मागं वळली. अक्कासुद्धा उठून मागं बघत होती.

त्रिविक्रम तेवढा पुढं सरकून, डोळे मोठे करून रथांकडं बघत होता. "आता काळे घोडे मागं पडतील बघा," तो आनंदानं म्हणाला.

भीमसेनरावांना आता सगळं उमगलं. मुलगा ठार बहिरा होता. आणि आपण शब्द देऊन बसलो होतो.

ही उघड फसवणूक आहे, असं तोंडावर सांगायला ते पद्मावतीबाईंकडं वळले.

बाई त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर भीमसेनरावांच्या खांद्यावरून पलीकडं गेली होती, जिथं कावेरी हनुवटीला हात लावून, गालात हसत, शांतपणे रथांची शर्यत बघत बसली होती.

पद्मावतीबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"हिला केव्हापासून ऐकू येत नाही?" त्यांनी विचारलं.