खाडीतला जिवाणू

"मॅडम, कळलं का काय आहे ते?" शलाका दिसताच हिरूबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावरून उठल्या.

समुद्री जिवाणूंवर संशोधन करणारी शलाका पाण्याचे नमुने घ्यायला दर महिन्याला त्यांच्या नवऱ्याच्या, रघुनाथ तांडेलांच्या होडीतून खाडीत जायची. मागच्या फेरीत तांडेलांच्या पायाला खेकड्याची नांगी लागली आणि तीन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा पडला. जखमेतल्या जिवाणूचा जीनोम शलाकानेच वाचला होता. डीएनएची पन्नास लाख अक्षरं. त्यातच औषधांना दाद न देणारी जनुकं एकापाठोपाठ एक सापडत गेली.

"कळलं," ती म्हणाली. "तिथल्या पाण्यातलाच जिवाणू आहे."

"मग आता औषध देतील ना?"

"हिरूबाई, डॉक्टरांकडचं एकेक औषध मी ताडून पाहिलं. एकही लागू पडणार नाही. पाय आजच कापावा लागेल, नाहीतर..."

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं संमतीपत्र सकाळीच हिरूबाईंकडे देऊन ठेवलं होतं. ते त्यांनी तिच्यापुढे धरलं. "माझ्याच्यानं नाय सांगवणार. तुमचं ते ऐकतात."

शलाका ते घेऊन आत गेली. तापाने फणफणलेले तांडेल तिला पाहून कोपरावर उठू लागले.

"चार दिवसांत उभा राहतो, मॅडम," ते म्हणाले. "तोवर दुसऱ्या कुणाची होडी बघू नका."

"नाही बघत," शलाका म्हणाली, आणि संमतीपत्र हातात धरून त्यांच्या खाटेशेजारी बसली.