नवव्या पानावरची चूक

लेकीसाठी रागिणीने वेबसाइट बनवायची नोकरी सोडली, त्याला दोन वर्षं झाली. आज अकोल्याच्या घरून अमरावतीच्या एका कंपनीची व्हिडिओवर मुलाखत होती. लेक मांडीवर बसून कीबोर्ड बडवत होती.

बटण पानाच्या मधोमध आणायचा साधा कोड, पण तो रागिणीला ऐन वेळी आठवेना. मुलाखत घेणारे नितेश सर हसले. "दोन वर्षांत सारं इसरल्या तुमी, मॅडम! आमचे पोट्टे ज्या नोट्स पाहून काम करतात, त्या धाडतो. आधी पाठ करा, मंग या."

तिने तिथंच फाईल उघडली. वर कुणाचंच नाव नव्हतं. पहिल्याच कोडखाली लिहिलं होतं, 'बटन मधात येत नसन त रडत नको बसू बाई, ह्या तीन ओळी चिकटव.'

रागिणीने लेकीचा हात कीबोर्डवरून उचलला आणि त्याचा पापा घेतला.



"सर, नवव्या पानावरचा कोड चुकला आहे, तेवढा सुधरवून घ्या. तो लिहिला तवा ही पोटात होती, अन् मले उलट्या होऊन राहिल्या होत्या."