दोघांची बोट

त्याच्या हाताला वेगाचा दांडा लागलाच नाही. त्याने स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना चाचपून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग मान वर करून ओरडला, "अर्धवट बोटी विकता का हो तुम्ही?"

बोट धक्क्याला बांधलेली होती. लांब, अरुंद, मागे दोन मोठाली इंजिनं. बोटी विकणारा शेडवाला धक्क्यावर हात पुसत उभा होता. त्याने हनुवटीनेच पलीकडची खुर्ची दाखवली. दांडा त्या खुर्चीसमोर होता.

"ही दोघांची बोट आहे, साहेब. एवढ्या वेगात एका माणसाचं दोन्हीकडे लक्ष राहत नाही. एकाने वळवायचं, दुसऱ्याने वेग सांभाळायचा."

"मला एकट्यालाच चालवायचीय. दांडा इकडे बसवून द्या."

"बसवता येतो. पण मी बसवत नाही. आणि तुमची पहिलीच बोट ना? मग ती पांढरी बघा. छत आहे, बसायला ऐसपैस, या वयात..."

"या वयात काय?"

शेडवाला वाकून बोटीचा दोर तपासू लागला.

धक्क्यावर शेडवाल्याशेजारी बोटीतल्या माणसाची लेक उभी होती, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून. घरातून निघाल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. आता ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

"सगळ्यात जोरात पळणारी द्या म्हणालात ना, बाबा? घ्या, मिळाली. आता खाली उतरून ढकला."

"तुला कोणी बोलावलं होतं?"

"आई गेल्यापासून तुम्ही कोणाला बोलावता?"

"तिला मध्ये आणू नकोस."

"का नको? ती हौसेने म्हणायची, एकदा तरी पाण्यावर जाऊ. जन्मभर तिला एका होडीत बसवलं नाहीत. भीती वाटते म्हणे. आणि आता एकदम ही? अहो, तुम्हाला धड पोहता येत नाही!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

शब्द तोंडातून निघून गेला होता. शेडवाला हातातला फडका उलटसुलट करू लागला. लेकीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिने धक्क्यावरून धाडकन बोटीत उडी टाकली. बोट एका अंगाला कलली. ती पलीकडच्या खुर्चीत बसली आणि पट्टा खेचून लावला.

"दुसरा माणूस मिळाला," ती शेडवाल्याला म्हणाली. "दाखवा कसं करायचं ते."

"उतर," बाप म्हणाला.

"उतरवून दाखवा."

जे दोघं चालवणार त्यांनी आधी एक फेरी मारायची, हा शेडवाल्याचा शिरस्ता होता. त्याशिवाय ही बोट तो कोणाला देत नसे. त्याने दोघांना लाइफ जॅकेट चढवली. बापाचे बंद दोनदा ओढून पाहिले. दांडा पुढे सारला की वेग, मागे ओढला की कमी, आणि निम्म्याच्या पुढे मुळीच न्यायचा नाही, असं लेकीला बजावलं. मग तो मागच्या बाकावर जाऊन बसला, इंजिन बंद करायच्या बटणावर अंगठा ठेवून.

धक्का मागे पडला. नांगरलेल्या बोटी मागे पडल्या. मोकळं पाणी लागताच बाप ओरडला, "वाढव!"

तिने वाढवला. बोटीने नाक उचललं, मग खाली टेकवलं आणि पाण्यावर आपटत निघाली. दात वाजायला लागले.

"आणखी!"

"निम्म्यापर्यंतच!"

"आणखी म्हणतोय ना! कान फुटले का तुझे?"

समोर किनारा नव्हता, नुसतं पाणी होतं, आणि त्याने बोट तिकडेच धरून ठेवली होती. त्याच्या डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने कानांकडे पसरत होतं. तो ओरडतच होता, आणखी, आणखी, पण आता तो लेकीला सांगत नव्हता.

लेकीने दांडा एकदम मागे ओढला. बोट छातीवर आपटल्यासारखी बसली. मागून त्यांचीच लाट आली आणि बाकावर चढली. शेडवाला कमरेपर्यंत भिजला. इंजिनं नुसती गुरगुरत राहिली.

"कोणी सांगितलं थांबवायला?"

"कोणी नाही."

"दे तो दांडा!" त्याने हात लांबवला. खुर्चीच्या पट्ट्याने त्याला मागे धरलं. हात पोचेना, तेव्हा त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. "सगळं तिच्या मनासारखं. गेलीसुद्धा मनासारखी, मला न विचारता. आणि आता तू!"

"ओरडा," लेक म्हणाली. तिचाही आवाज चिरकला होता. "हवं तेवढं ओरडा. पण एक सांगा. परत यायचंय की नाही? नाही म्हणा, मी हा दांडा पार पुढे सारते. दोघंही जाऊ."

"तिघं, ताई," मागून शेडवाला म्हणाला.

बापाने कोणाकडेच पाहिलं नाही. दातओठ खात त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. बोट जागच्या जागी डुलत राहिली. त्याने पुन्हा फिरवलं, आणखी जोर लावून. बोटीचं नाक होतं तिकडेच राहिलं.

"वळत नाहीये," तो म्हणाला.

तिचा हात दांड्यावर तसाच होता.

"वेग असल्याशिवाय ही वळत नाही," तो खेकसला. "बघत काय बसलीस? थोडा दे."