दहावा नंबर नको

रॉस्कोनं केस कापायचं मशीन बंद केलं तेव्हा डेलमारचं अर्धंच डोकं झालं होतं. उजवी बाजू गुळगुळीत, डावीकडे रान माजलेलं.

“काय झालं?” डेलमारनं आरशातून विचारलं.

“काही नाही. तू आत्ता काय म्हणालास ते परत म्हण.”

“कोण ही बाई, टेप बंद कर, एवढंच म्हणालो.”

दुकानातल्या साऱ्या माना वळल्या. टेप मात्र चालूच. क्लीव्हलंडच्या त्या पूर्वेकडच्या वस्तीत शनिवारी सकाळी रॉस्कोच्या दुकानात दुसरं काही वाजतच नसे. वेल्माचा ‘दारातला दिवा’ हा अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्याच्या हातात मशीन, त्याची टेप, असा तिथला कायदा. आणि मशीन कायम रॉस्कोच्याच हातात.

“कोण ही बाई!” रॉस्को कडाडला. “अरे, आपली वेल्मा! बस चालवते ती. तू रेडिओवर हिप-हॉपमधला पंडित म्हणून मिरवतोस, आज संध्याकाळी बागेत शहरातले दहा उत्तम अल्बम जाहीर करणार, आणि हा ऐकलाच नाहीस?”

“कुठल्या कंपनीनं काढला नाही, कुठे वाजला नाही. मी ऐकणार कुठून?”

“तू वाजवला नाहीस, म्हणून वाजला नाही! जन्मलास इथे, पहिले केस या खुर्चीत कापलेस. कान कुठे ठेवून गेलास?”

डेलमारनं अंगावरच्या कापडाखालून हात काढला, भादरलेल्या बाजूवरून फिरवला आणि खुर्चीतच बसून राहिला. अर्ध्या डोक्यानं त्या गल्लीतून जायची कुणाची छाती? पुढच्या नाताळपर्यंत पोरंटोरं पाठ सोडणार नाहीत. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे रॉस्कोला पक्कं ठाऊक होतं.

“हा खालचा ठेका ऐक,” तो म्हणाला. “तिच्या आईचं शिवणयंत्र आहे ते. ठेका विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तेच रेकॉर्ड केलं. आहे तुझ्या दहांत असा एक तरी?”

“आणि हे गाणं कारखाना बंद झाला त्या दिवसाचं,” कोपऱ्यातून चर्चचे म्हातारे डीकन ह्यूबर्ट बोलले. केस कापायला नव्हे, बसायलाच येत ते. “त्यात एकसुद्धा शिवी नाही. पण ऐकलं की मलाच शिव्या द्याव्याशा वाटतात. मला!”

दुकान हसलं. रॉस्को हसला नाही. वेल्मा आता गाणी लिहीत नव्हती. विचारलं की म्हणायची, “कुणाला हवंय?” तेच त्याच्या जिवाला लागलं होतं. एकदा, फक्त एकदा, तिचं नाव त्या बागेत मोठ्यानं घेतलं जावं, एवढंच त्याला हवं होतं.

“बरं बाबा,” डेलमार वैतागून म्हणाला. “दहावा नंबर देतो तिला. आता चालव मशीन.”

रॉस्कोचा चेहरा फुलला. त्याच वेळी दार उघडून वेल्मा आत आली, बसचा गणवेश घालून.

“वेल्मा, तुझा अल्बम यादीत गेला!”

तिनं डेलमारचं डोकं पाहिलं. मग रॉस्कोच्या हातातलं बंद मशीन.

“असा? माणसाला ओलीस धरून?”

“अगं, पण...”

“आधी त्याचं डोकं पुरं कर. आणि साहेब, तो दहावा नंबर ठेवा तुमच्यापाशीच. ज्यानं ऐकलं नाही, तो मला नंबर कसला देणार? मी काही भीक मागायला नाही बसले.”

रॉस्कोचं तोंड एवढंसं झालं. हाता-तोंडाशी आलेला घास गेला, तोही तिच्याच हातून! त्यानं मशीन सुरू केलं. मनात आग होती, पण रेघ वाकडी जाऊ दिली नाही. आरशात न बघता डेलमार खाली मान घालून बसला. टेप पुढं सरकत राहिली. वेल्माचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज म्हणत होता, दिवा विझवू नका, मी चालत येतेय.

रॉस्कोनं कापड झटकून काढलं. “ऊठ. सुटलास.”

डेलमार उठला नाही.

“झालं तुझं डोकं.”

“कळलं. गाणी किती आहेत अजून?”

 वेल्मानं टोपी काढली आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक केली. “उठा. मला केस कापून बस काढायची आहे.”

“मग मी ऐकू कुठे?”

“उभं राहून,” वेल्मा म्हणाली. “आम्ही इतकी वर्षं उभेच आहोत.”

डेलमार भिंतीशी गेला. डीकन ह्यूबर्टनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, डोक्यावरची हॅट काढली आणि त्याला बसता येऊ नये म्हणून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नीट ठेवून दिली.