गुणाजीचा मऊ आवाज

या हो माउलींनो, जवळ सरकून बसा, लालबागच्या मालनबाईंची गोष्ट ऐका. त्यांना कॅन्सरची गाठ निघाली आणि त्या दिवसापासून एरवी सदा ओरडणारा नवरा गुणाजी एकाएकी मऊ बोलू लागला. आमटी खारट झाली तरी म्हणे, “छान झालीय गो.” मालनबाई मनातून पार धास्तावल्या.

दुसऱ्या केमोनंतर डॉक्टरांनी एमआरआय बघितला. “गाठ अजून तेवढीच दिसते, पण आतून मरायला लागलीय. औषध लागू पडतंय.”

दोघं जिन्यापर्यंत आली आणि गुणाजी कडाडला, “छत्री आतच विसरलीस ना? लक्ष असतं कुठे गो तुझं?”

मालनबाईंनी तिथेच हात जोडले. “देवा, आता मी जगते!”

आज दिवा लावाल, तेव्हा तुमच्यावर हक्काने ओरडणाऱ्या माणसालाही आठवा.